अक्काला व्हार्निश धरंना

मी बहिणीच्या सासरी, ईट गावाला, लग्न खायला गेले न्हवते. मेलेल्या बहिणीला तिच्याच लेकीच्या मांडवात उभं करायला गेले होते. हे आधीच सांगते, उगं नंतर कुणी म्हणायला नको की शिवकन्या तिथं भांडायला गेली. भांडणं झाली ती झाली.

येडशीला टेशनाच्या रस्त्यावर माझं छोटं दुकान हाय. रुखवत करून देते मी. नवरीकडचे लोक लग्नात हौसेनं जे मांडतात, ते. बाकीचे सुपारीचा भटजी आन् काड्यांचा बंगला करून भागवतात, माझ्याकडं बोटाएवढी माणसं मिळतात. पुण्याहून रेझिनची उघडी बाहुली मागवायची, तिला पुट्टीनं नाक, डोळे, पदर, फेटा चढवायचा, स्प्रेनं प्रायमर मारायचा, बारीक कुंचल्यानं रंगवायचं आन् वरून व्हार्निशचा फवारा. महालक्ष्म्यांच्या आराशीलाबी लोक नेतात. हाताला गुण हाय आन् जिभेला काटे हायत, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

माझी थोरली बहीण महानंदा. मी तिला अक्का म्हणायची. ती गेली तवा तिची शुभांगी बोबडं बोलत होती. माय मरो आन् मावशी जगो, असं तेराव्याच्या दिवसाला आलेल्या दर बाईनं माझ्या तोंडावर म्हणलं. मग म्या दाजीपुढं पदर पसरला, म्हणलं पोरगी मला द्या, माझ्या लेकरांत वाढंल. महारुद्र दाजी जमिनीकडं बघत बसले. पोरगी काय दिली न्हाय. वरीस फिरायच्या आत कमल त्या घरात आली, अक्काच्या चुलीम्होरं बसली आन् अक्काच्याच परातीत पीठ मळायला लागली.

दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात आमच्याकडं पहिलीचा टाक घालतात. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईचा आकार ठोकलेला. मंगळसूत्रातच ओवायचा. म्हंजी गेलेली सवत मागं लागत न्हाय म्हणं. कमलबाईच्या गळ्यात तो हाय. तो दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझी बहीण जिवंत असताना मुंगीला दुखवत न्हवती, आन् ही तिला भुतावानी बांधून घालती गळ्यात. येवढी वर्षं मी त्या घरी गेले ती शुभीसाठी. कमलबाईच्या हातचा चहा घेतला, पण तिच्याशी कामापल्याड बोलले न्हाय.

शुभीचं लग्न ठरलं. तिनं फोन केला, म्हणली, "मावशी, रुखवतात बारका मांडव कर. आन् मांडवात आई पायजे." कुठली आई ते म्या विचारलं न्हाय. त्यात विचारायचं काय?

मांडव केला. नवरा-नवरी, मधे अंतरपाट, भटजी, सनईवाला, फेटा बांधलेले दाजी आन् दाजीच्या शेजारी अक्का. अक्काचा एकच धड फोटो हाय माझ्याजवळ. तो म्होरं ठेवून सुईच्या टोकानं तिचं तोंड कोरलं. हनुवटीवरचं गोंदण, उजवीकडं वाकडा पडायचा तो भांग, सगळं. लाल इरकल, पिवळे काठ द्यायचं ठरवलं. इतका जीव म्या माझ्या सोताच्या लेकरांत घातला न्हाय, असं म्हणलं तरी चालंल. कमलबाईचं बाहुलं केलं न्हाय. विसरले असं न्हाय. केलं न्हाय.

रुखवत बघायला नवऱ्याकडच्या बाया येतात. एकेक चीज उचलून विचारतात, हे काय, ही कोण. कुणीतरी विचारणारच, ही दाजीशेजारची कोण? मग मी सांगणार, ही नवरीची आई. आन् त्या तिकडं उभ्या हायत त्या? त्या मागनं आल्यात. हे वाक्य मी येडशीपासून तोंडात धरून नेलं होतं, सुपारी धरावी तसं.

अर्धं काम ईटला जाऊन करायचं ठरवलं. एक तर उन्हाळ्याच्या एसटीत रंगवलेली माणसं नेली तर डब्यात एकमेकांना चिकटतात. आन् दुसरं, मला तिथं बसूनच करायचं होतं, कमलबाईच्या डोळ्यांपुढं. मी डबा उघडला तवा ती आलीच बघायला. एकेक बाहुलं बघितलं. सोताचं शोधलं का न्हाय ते कळलं न्हाय. अक्काला तेवढं दोन्ही हातांनी उचललं, परत ठेवलं आन् म्हणली, देवाच्या खोलीत ठेवा, भायेर मांडवाची धूळ हाय. बोलणं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला. त्या घरात एक तेवढी खोली बंद राहत होती. फळीवर वर्तमानपत्र आंथरून माणसं ठेवली.

आता उन्हाळ्यात स्प्रे मारायचा म्हणजे सकाळीच. दुपारी ऊन असं की प्रायमर बाहुलीपतोर जायच्या आधी हवेतच वाळतो आन् अंगावर रवा बसल्यावानी खरखर होती. सांच्याला वावटळ. म्हणून मी सूर्य वर यायच्या टायमाला स्लॅबवर जायची. डबा हातात घोळून घोळून हलवायचा, आतली गोळी खळखळ वाजली पायजे. वीतभर लांबून, पातळ पातळ, एका जागी न थांबता मारायचा. पहिल्या दिवशी सगळ्यांना मारला. भटजी झाला, सनईवाला झाला, दाजी झाले. सगळे राखाडी, एकसारखे. अक्काला मारला आन् प्रायमर अंगावरून पळाला. तेलकट तव्यावर पाणी टाकल्यावर कसं गोळा होऊन सरकतं, तसा. जागोजाग भोकं, मधून उघडं रेझिन दिसायलं.

म्हणलं हाताचं काहीतरी लागलं असंल. डोक्याला तेल लावून तोच हात लावला असंल मी. साबणानं धुतली, वाळवली, तिथंच परत मारला. झक्क बसला. मनात म्हणलं, चूक आपलीच, तोंड बंद ठेव. दिवसभर रंगकाम केलं. इरकल रंगवली, काठ ओढले, गोंदण टिपलं, कपाळावर कुंकू दिलं. रात्री फळीवर ठेवली.

सकाळी व्हार्निश घेऊन वर गेले. आधी नवऱ्यावर मारलं, तर तो पांढरा पडला, धुकं बसल्यावानी. ते मला ठाऊक होतं. रात्रभर कूलर चालू, त्याची ओल देवाच्या खोलीत शिरलेली, ओलीत व्हार्निश पांढरं पडतं. वाळू दिलं, परत हलका हात मारला, पांढरं गेलं. पण अक्का पांढरी पडली न्हाय. तिच्यावर व्हार्निश बसलंच न्हाय. पुन्हा तेच, थेंब थेंब होऊन सरकलं आन् पदराच्या टोकाला गोळा झालं. वरून अंग पिवळट दिसायलं. थिनरचा बोळा घेऊन पुसलं तर व्हार्निशसंगं रंगबी आला. कापूस लाल, पिवळा. सगळी इरकल परत रंगवायची पाळी आली.

खाली आले आन् पहिलं कूलर बंद केला. पावणे घामानं निथळायले. एक म्हातारं म्हणलं, पोरी, जीव जाईल की. म्या म्हणलं, जाऊ द्या. मग वास आला शेवेच्या तळणाचा. लग्नघरात शेव, चकल्या, बुंदी, सगळं मागच्या पडवीत तळायले होते. माझी ट्यूब पेटली. तळणाची वाफ हवेत, तीच फळीवर बसत असणार. तडक गेले आन् कढई उतरवायला लावली. लग्नाच्या घरी तळण बंद! बाया तोंडात पदर धरून हसायल्या, आचारी माझ्याकडं येड्यावानी बघायला. कमलबाई आली. म्या तिला सांगितलं, माझं काम होईपतोर इथं तेल तापणार न्हाय. ती म्हणली, बरं, आन् कढई गोठ्यापलीकडं न्यायला लावली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. ही बाई वादबी घालत न्हाय.

दुसऱ्या सकाळी फेर तेच. बाकी सगळी माणसं आरशावानी चमकायली, माझी अक्का तेवढी कुष्ठ झाल्यावानी. डब्याचं तोंड सुईनं साफ केलं, तरी तेच. नवा डबा फोडला, तरी तेच. बाटलीच्या बुचावर मारून बघितलं तर बुचावर काचेवानी बसलं. म्हणजे डबा बरा, हवा बरी, हात बरा. मग पावण्यांतल्या एक आजीबाई म्हणायला लागल्या, महानंदाच्या मनात यायचं न्हाय, तिला ओढू नका. म्या म्हणलं, तुमी गप बसा. मेलेलं माणूस व्हार्निश अडवत न्हाय. तेल अडवतं.

आन् मग डोकं चालायला लागलं. तळण गोठ्यापलीकडं गेलं, तरी तेल येतं कुठून? फळीवर सगळी माणसं एका ओळीत. एकावरच तेल. ते हवेनं आलेलं नसतं, ते बोटानं आलेलं असतं. कुणाचं बोट? देवाच्या खोलीत माझ्याआधी सकाळी कोण जातं? हातच्या काकणाला आरसा कशाला पायजे?

मी थांबणाऱ्यातली न्हाय. दुपारी बाया ओसरीवर रुखवताचं फराळ डब्यात भरायल्या होत्या, कमलबाई त्यांच्यात बसली होती. अक्काला तळहातावर घेऊन मी मधोमध उभी राहिले आन् सगळ्यांदेखत म्हणलं की ह्या घरात कुणाला तरी महानंदा मांडवात उभी राहिलेली बघवत न्हाय. रोज सकाळी कुणीतरी तिला तेल फासतं, म्हंजी तिच्यावर काही टिकू न्हाय. जिवंतपणी जागा घेतली, आता बोटाएवढ्या बाहुलीची जागाबी सोडवंना. नाव घेतलं न्हाय म्या. घ्यायची गरज न्हवती, सगळ्या कमलबाईकडंच बघायल्या.

ती उठली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणली काय तर, डबे नीट झाका, मुंग्या लागतील. आन् आत गेली.

दाजी भायेरून धावत आले. शिवकन्या, लग्नघर हाय, म्हणले. म्या म्हणलं, तुमी आधीबी असंच जमिनीकडं बघत होतात, आताबी बघा. ते खरंच जमिनीकडं बघायले. मग शुभी आली. हळदीच्या बांगड्या भरलेल्या होत्या तिला. माझ्यापुढं उभी राहिली.

"मावशी, तू माझ्या लग्नाला आलीस का माझ्या आईशी भांडायला आलीस?"

माझ्या आईशी. म्या ते ऐकलं. म्या अक्काला तिच्या डोळ्यांपुढं धरलं, म्हणलं ही बघ तुझी आई. शुभी रडायला लागली, म्हणली मला दोघीबी पायजेत, तुला काय करायचंय? एवढुसं लेकरू, जिला म्या पदर पसरून मागितलं होतं, ते मला इचारतंय तुला काय करायचंय. मी रात्री जेवले न्हाय. रागानं पुन्हा एकदा अक्काला थिनरनं पुसून काढलं, पुन्हा रंगवलं, पुन्हा कुंकू दिलं. दुसऱ्या दिवशी हळद होती, सांच्याला रुखवत मांडायचं होतं. सकाळचा एकच फवारा हातात होता. तो बसला न्हाय तर दाजीशेजारी अक्काची जागा मोकळी राहणार होती, आन् मोकळी जागा बघून बाया काय म्हणल्या असत्या? आईची जागा तर ह्या उभ्या हायत की, असं म्हणल्या असत्या. मला ते ऐकून घ्यायचं न्हवतं.

म्हणून पहाटे उठले. व्हार्निशचा डबा, थिनरची बाटली, कापूस घेतला आन् देवाच्या खोलीच्या दाराआड बसले. आज चोर हातातच सापडणार होता. सगळ्या पावण्यांना उठवायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

कमलबाई आली. न्हाऊन आलेली, केस टॉवेलात बांधलेले. दिवा लावला. देवाला हळद-कुंकू वाहिलं. मग गळ्यातलं मंगळसूत्र पुढं ओढलं, तो टाक तळहातावर घेतला. वाटीतल्या गोड्या तेलात करंगळीशेजारचं बोट बुडवलं, टाकाला लावलं, हळद लावली, कुंकू लावलं. कापडानं निगुतीनं पुसून परत छातीवर सोडला. कुणी बघत न्हाय, कुणाला दाखवायचं न्हाय, आन् तरी ती इतक्या हळू करत होती. भ्यालेलं माणूस असं करत न्हाय. भ्यालेलं माणूस उरकून टाकतं.

मग तेच बोट घेऊन ती फळीकडं गेली. माझ्या अक्काला उचललं. डोक्यापासून पायापतोर तेल लावलं, लेकराला लावतात तसं. चिमटीनं हळद लावली. आन् म्या दिलेल्या कुंकवावर तिचं कुंकू लावलं. तोंडानं बोलायली.

"अक्का, आज शुभीची हळद. आईला लागल्याबिगर लेकीला कशी लावायची? तुमी घ्या आधी. जेवढी जमली तेवढी सांभाळली म्या. चुकलं असंल तर आता तुमीच बघून घ्या."

अक्का. माझा शब्द. तो तिच्या तोंडात ऐकला आन् माझं डोकं फिरलं. मी दार ढकलून आत घुसले. म्हणलं, सापडलात ना, तरीच मी म्हणते अक्काला व्हार्निश का धरंना, मी इथं दिवसांमागं दिवस मरायलेय आन् तुमी तेल वतायल्यात. आवाज चढलाच होता माझा.

ती दचकली न्हाय. बाहुली तळहातावर तशीच धरून माझ्याकडं वळली, आन् मी पहिल्यांदा तिचा राग बघितला. डोळे असे, की मीच मागं सरले.

"हळू बोला, पावणे झोपलेत," ती म्हणली. "बरं झालं आलात. मीबी कुणाची तरी वाटच बघायले. रोज पहाटे मी अक्काला कुंकू लावते. आन् रोज दुसऱ्या पहाटे बघावं तर माझं कुंकू गेलेलं, कपाळ धुऊन नवं ओढलेलं. घरात लग्न, आन् अहेवपणी गेलेल्या बाईचं कुंकू कुणीतरी रोज पुसतंय. इतकं कुणाचं वाईट केलं म्या, तेवढं मला बघायचं होतं."

माझ्या एका हातात थिनरची बाटली होती आन् दुसऱ्यात कापूस.

तिनं बाटलीकडं बघितलं. कापसाकडं बघितलं. मला एकदम ते सगळे बोळे आठवले, स्लॅबच्या कोपऱ्यात टाकलेले, लाल आन् पिवळे. मी म्हणत होते इरकलीचा रंग उतरायलाय, काठाचा रंग उतरायलाय. माझ्या हातांनी. अक्काला तिरडीवर ठेवली तवा मळवट भरून ठेवली होती, भाग्यवान म्हणले होते सगळे, कुंकवासगट गेली. तिचं कुंकू कुणी पुसलं न्हवतं. ते पुसायला तिची सख्खी बहीण येडशीहून आली होती.

कमलबाईनं अक्काला फळीवर ठेवलं. कुंकवाचा करंडा तिच्या पायाशी ठेवला.

"तुमचं ते औषध मारायचं तर मारा," ती म्हणली. "तेलावर बसत न्हाय, व्हय? मग पुसून मारा. पण ते तुमी पुसा, शिवाताई. मला सांगू नका." आन् चहाचं बघायला निघून गेली.

सूर्य वर यायला लागला होता. काम किती होतं सांगू? काहीच न्हवतं. साबणाचं पाणी, थिनरचा एक बोळा, जरा वाळू द्यायचं, आन् वीतभर लांबून दोन पातळ हात. आता कारण कळलं होतं, हवा चांगली होती, कूलर बंद होता, डबा नवा होता. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्या सकाळी झालं असतं. कापूस थिनरमधे बुडवलाबी म्या. अक्काच्या कपाळापतोर नेला. तिचं कपाळ केवढं, मसुरीच्या डाळीएवढं. त्यावर दोन कुंकवं, एक माझं रंगाचं आन् एक कमलबाईचं.

हात खाली आला. मला रडू आलं, आन् ते दुःखाचं न्हवतं, रागाचं होतं. कमलबाईचा राग, दाजीचा राग, अक्का मेली त्याचा राग, आन् माझा सोताचा तर इचारू नका. येवढी वर्षं जिला शिव्या दिल्या ती बाई वाईट निघाली न्हाय, ह्याचा माणसाला किती राग येतो ते ज्याला आलाय त्यालाच कळंल. कापूस फेकून दिला. डब्याचं टोपण लावलं.

शुभीला हळद लागली. घरात बाया गाणी म्हणायल्या, मी आतल्या खोलीत रुखवत मांडायले. अंतरपाट लावला, सनईवाला उभा केला, दाजी उभे केले. शेजारी अक्का उभी केली, बिनव्हार्निशची, तेलकट, पिवळी, नाकावर हळदीची बुकणी पडलेली. चकचकीत माणसांत ती अशी दिसायली की जणू आत्ता चुलीपासून उठून आली. तिच्या पलीकडं एक बोटभर जागा होती. तिथं काय ठेवायचं ते मला जमलं न्हाय. तेवढा मोठा जीव न्हाय माझा. पण सनईवाला म्या तिकडं सरकवला न्हाय, जागा तशीच राहू दिली.

नवऱ्याकडच्या बाया आल्या. म्होरं नवऱ्याची आत्या, गळ्यात पोहेहार, प्रत्येक चीज उचलायची आन् तोंड वाकडं करायची. मांडवापुढं आली. सगळी माणसं निरखून बघितली, छान केलंय म्हणली, आन् अक्काला चिमटीत उचललं. लगेच बोटाकडं बघितलं.

"अगोबाई, हिचा रंग तर बिघडलाय. चिकट लागतंय. कोण ही?"

दारात कमलबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. ती तिथंच थांबली. माझं येडशीहून आणलेलं वाक्य तोंडात तयार होतं, सुपारीवानी, चावून चावून मऊ झालेलं. नुसतं थुंकायचं होतं.

"खाली ठेवा तिला," म्या म्हणलं. "नवरीची आई हाय ती. रंग बिघडला न्हाय, तेल-हळद लागलीय. सकाळी तिच्या धाकट्या बहिणीनं लावलीय."

आत्यानं अक्काला जागेवर ठेवलं, बोट पदराला पुसलं. म्हणली, "धाकटी बहीण म्हंजी तुमीच की."

"मी न्हाय," म्या म्हणलं.

कमलबाई घागर घेऊन आत गेली. आत्या तेवढी कधी माझ्याकडं आन् कधी दाराकडं बघत राहिली.